डावीकडचं मागचं दार

आमच्या जुन्या गाडीचा एसी आई आजारी पडायच्या कितीतरी आधी वारला होता आणि त्याचं कोणी सुतकही धरलं नव्हतं. जळगावातल्या जळगावात फिरायला एसी कशाला, असं माझ्या वडिलांचं, नानांचं, म्हणणं. मग ऐन वैशाखात आईला किरणांचा शेक द्यायला रोज धुळ्याला न्यावं लागलं. गाडी दुरुस्तीला टाकावी तर शेक चुकणार, आणि भाड्याच्या गाडीत आईला ओकारीची लाज वाटायची.

तेव्हा नानांनी आपला खान्देशी उपाय काढला. टॉवेल पिळून त्याची वरची कड दारात चेमटवायची, काच खाली ठेवायची आणि ओल्या कापडातून येणारा वारा अंगावर घ्यायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच हे करतात. मी गाडी चालवायची, आई मागे डावीकडे, आणि तिच्या शेजारी नाना मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. एरंडोल येईपर्यंत टॉवेल कडक व्हायचा. नाना तिच्या अंगावरून हात नेऊन वरून पुन्हा पाणी सोडायचे. आई डोळे मिटून म्हणायची, "आते गार लागी ऱ्हायनं." तिचं माहेर धुळ्याकडचं. आजारपणात तिची भाषाही माहेरी गेली होती.

त्या दिवसांत तिला बरं वाटावं असं तेवढंच होतं. औषधं नाहीत, माझी धावपळ नाही, नानांचा टॉवेल.

पाऊस लागायच्या आत आई गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना एकच सांगायचे, "काही करता आलं नाही. पण तिला झळ लागू दिली नाही." लोक मान हलवायचे. मीही हलवायचे. त्या एका वाक्यावर माणूस उभा होता.

पावसाळ्यात मागच्या सीटखाली पाणी साचायला लागलं. मी डावीकडच्या, आईच्या बाजूच्या दाराचं काचेखालचं रबर उचकटलं तर रंगाला फोड आलेले. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं आणि गंजाचे पापुद्रे हातात आले. बाकीची तिन्ही दारं स्वच्छ होती. मला लगेच कळलं आणि कळल्यावर मी तिथेच अंगणात बसले.

"काय झालं?" नानांनी ओट्यावरून विचारलं.

"रबर जुनं झालंय," मी म्हणाले.

नाना दुपारी झोपले की मी चोरासारखी दाराशी जायचे. पॉलिश पेपरने घासायचे, गंजावरचं औषध लावायचे, ते काळं पडलं की वर रेड ऑक्साइडचा लाल रंग. नवं रबरही बसवलं. पुढच्या पावसात फोड पुन्हा वर आले, पहिल्याहून मोठे. मला इतका संताप आला की मी त्या दाराला लाथ घातली. आईला वाचवता आलं नाही ते नाही, निदान हातभर पत्रा तरी! तोही नाही.

दसऱ्यानंतर मामाने धुळ्यात जुन्या गाड्यांचा पत्रा दुरुस्त करणारा एक डेंटर शोधून दिला. मी एकटीच जाणार होते. निघाले तर नाना इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसलेले, मागे, आईच्या जागेवर. उतरा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ऊन वैशाखासारखंच होतं.

डेंटरने "जय भीम, नाना" केलं, रबर ओढून काढलं आणि पेचकसने खरवडायला लागला. "बाकीना दारे चांगला शेतस," तो म्हणाला. "हाई एकच बठ्ठं सडेल शे. ओला टावेल लावतस का आठे? ते पानी रबरना खाले मुरस."

मी त्याला डोळ्यांनी दटावत होते, पण त्याचं लक्ष दारात. त्या बिचाऱ्याची काय चूक?

नानांनी वाकून तो गंज पाहिला. मग म्हणाले, "मीच लावेल शे."

"कापीसन नवा पत्रा लावना पडी. तरी मी खात्री देत नही."

"कापा," नाना म्हणाले.

पत्रा कापताना ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कापलेला तुकडा पायाशी पडला तरी वळले नाहीत. संध्याकाळपर्यंत दाराला लाल ऑक्साइडचा पट्टा आणि नवं रबर बसलं. रंग पक्का वाळेपर्यंत पाणी लागू देऊ नका, असं डेंटरने मला सांगितलं. नानांनी ते ऐकलं.

येताना ते पुन्हा त्याच जागेवर बसले. काच वरपर्यंत लावलेली. आरशात दिसत होतं, मानेवरून घाम ओघळत होता. मी काच उघडा म्हटलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. पारोळ्याच्या पुढे मी न राहवून गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली मागे दिली. नाना दारापासून सरकून सीटच्या मधोमध आले. एका हाताने बाटली तोंडाला लावली आणि दुसऱ्या हाताची ओंजळ हनुवटीखाली धरली, दारावर थेंब उडू नये म्हणून. पिऊन झाल्यावर त्यांनी झाकण घट्ट लावलं, ओला तळवा शर्टाला पुसला आणि बाटली मला परत दिली.

झळ लागू दिली नाही, हे त्यानंतर ते कोणालाच म्हणाले नाहीत.