क्लचमधली हवा

"हवा आहे ताई, हवा. दाब... धरून ठेव... हां, सोड!" असं म्हणत त्याने शनिवार-रविवार माझ्याकडून क्लचचं पेडल दाबून घेतलं. तो जीपखाली आडवा, मी साडी खोचून ड्रायव्हरच्या सीटवर. मी दाबायची, तो खाली हवा काढायचं निपल ढिलं करायचा, नळीतून तेल बाटलीत पडायचं. त्यात बुडबुडा एक नाही. तरी हा आपला म्हणतोय, हवा!

हा म्हणजे माझा मानलेला भाऊ. उल्हासनगरात त्याचं गॅरेज. आमच्या ह्यांची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा त्यानेच आम्हाला जुनी जीप बघून दिली. बदलापूर स्टेशनवरून साहेब लोकांना एका कारखान्यात नेण्या-आणण्याची ड्यूटी मिळाली, आणि मोरिवलीतलं आमचं घर त्यावर चालायला लागलं. मग गिअरबॉक्स कामातून गेला. भावाने भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा, पाच गिअरचा बॉक्स आणून बसवला, आणि पेडल दाबलं तरी क्लच सुटेचना. रिव्हर्स टाकला की असा करकरायचा की शेजारीण दारात यायची. धडाधड पंप केलं की एखादा गिअर पडायचा, की पुन्हा तेच रडगाणं. कारखान्याचा निरोप आलेला: सोमवारी गाडी आली नाही तर दुसरी लावू.

आता गंमत बघा. आमचे हे टर्नर, उभा जन्म लोखंडात गेलेला, पण जीपखाली वाकायला तयार नाहीत. मी म्हटलं, "अहो, एकदा बघा तरी." तर म्हणे, "भाऊबीजेला ओवाळतेस ना त्याला? मग त्याच्या कामात डोकं घालू? काय वाटेल त्याला?" आमच्याकडे हे असंच. परक्या मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहायचं, आणि घरच्या माणसाला मात्र चावी देऊन मोकळं व्हायचं.

रविवारी संध्याकाळी त्याने क्लचच्या सिलिंडरची रबरंही बदलली. ढिम्म फरक नाही. सोमवारी सकाळी स्वतःच म्हणाला, "दाजी, टेन्शन घेऊ नका. आज माझी गाडी पाठवतो, ड्यूटी तुमचीच राहील." मला भरून आलं. त्याला मी डबा करून दिला. मेली माझी अक्कल! मंगळवारी त्याचीच गाडी गेली, बुधवारीही गेली. आमच्या जीपकडे यायला मात्र त्याला वेळच मिळेना.

शेवटी माझं डोकं फिरलं. ह्यांना म्हटलं, "मी पेडल दाबते. खाली तुम्ही जाता की मी जाऊ?"

गेले मुकाट्याने. वरून मी कितीही दाबलं तरी खाली सिलिंडरचा दांडा क्लचच्या फाट्याला जेमतेम टेकत होता, त्याला ढकलत नव्हता. तेल ठीक, रबरं ठीक. दांडाच आखूड. ह्यांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. एक टोक जुनं, काळं, घासून गोल झालेलं. दुसरं पांढरं चकचकीत, आणि त्यावर करवतीचे ताजे चरे.

हे पायरीवर बसले ते बसलेच. केसाने गळा कापला आमचा, आणि तोही कोणी! दांडा पदरात गुंडाळला, रिक्षा केली आणि तडक गॅरेज गाठलं.

तो एका गाडीच्या बॉनेटमध्ये वाकला होता. दांडा त्याच्यापुढे आपटला. "हा तू कापलास?"

मला वाटलं होतं, नाही म्हणेल, आईची शपथ घेईल, आणि मग मी त्याला असा फाडून खाईन की बाजार गोळा होईल. त्याने एकदा दांड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ताई," अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "तुमची गाडी नीट झाली असती तर साहेबांनी माझी कशाला लावली असती? कालच पक्कं झालं माझं."

त्याने फडक्याने स्टूल पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"उभी का? बस ना. चहा सांगतो."