कुठीगेला सर

हजेरी घेताना आमचे सर गैरहजर मुलाच्या नावापुढे लगेच फुली मारत नसत. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, की ते चष्म्यावरून त्या बाकाकडे बघत आणि रिकाम्या जागेशेजारी बसलेल्या मुलाला विचारत, "कुठी गेला गा तुहा जोडीदार?" भूगोल शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी, स्वच्छ असे. हा प्रश्न मात्र ते आपल्या नरखेडकडच्या बोलीत विचारत. त्यामुळे शाळेत त्यांचं नाव पडलं होतं, कुठीगेला सर. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कोणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तर वाचून म्हणाले, "चांगलं आहे. बापानं ठेवलेल्या नावापेक्षा कामाचं आहे." आणि त्याच्याच खाली गंगेच्या खोऱ्याचा नकाशा काढायला लागले.

त्यांच्या वर्गात एक रीत होती. ज्याचा जोडीदार आला नसेल, त्याने संध्याकाळी त्याच्या घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी उभं राहून खबर सांगायची. निघताना सर बजावत, "पाहून ये. आयकून नको येऊ." म्हणजे दारात भेटलेल्या बहिणीने किंवा शेजारणीने काही सांगितलं, तर ते चालायचं नाही. आत जायचं, मुलाला डोळ्यांनी बघायचं, दोन शब्द बोलायचे. या रितीपायी आम्ही कितीतरी घरं आतून पाहिली. एरवी त्या घरांत कधी पाऊल टाकलं नसतं.

खबरी खऱ्या असत, म्हणून गमतीच्याही असत. एकदा आमच्यातल्या एकाने उभं राहून सांगितलं, "सर, तो झोपून होता."

"आजारी आहे?"

"नाही सर. गणपतीत रातभर नाटक पाहिलं त्यानं."

"बरं. त्याले म्हणा, उद्या येताना उशी घेऊन ये. बाक टोचते."

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा सगळ्या वर्गाने मागे वळून उशी शोधली. सरांनी त्याला शिक्षा केली नाही. नाटकात काम कोणाचं चांगलं झालं, तेवढं विचारलं.

संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत त्यांच्या भागातला एक मुलगा घरी गेला तो परतलाच नाही. त्याचं गाव लांब, जोडीदाराला कसं पाठवणार? रविवारी सर स्वतः एसटीने गेले आणि सोमवारी त्याला घेऊन आले. सोबत पिशवीभर संत्री होती. ती आम्ही मधल्या सुट्टीत खाल्ली. मुलगा सांगत होता, सर बागेत दिवसभर त्याच्या बापाबरोबर तोडीला लागले आणि संध्याकाळी म्हणाले, "आता माही मजुरी म्हणून पोरगा द्या."

मुख्याध्यापकांना हे सगळं फाजील वाटे. हजेरी दोन मिनिटांत आटपावी, असं त्यांचं म्हणणं. सर आम्हाला म्हणत, "आई पानं वाढते तेव्हा किती बसले ते मोजत नाही. कोण आलं नाही, तेवढं बघते." हे वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी आपलं म्हणून वापरलं आहे.

माझ्या बाकावर दौलत बसे. त्याचे वडील गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलण्याचं काम करत. दौलत शांत होता, माझ्याहून हुशार होता, आणि पेन्सिल उसनी दिली तर परत मागत नसे. पौषात, पतंगांच्या दिवसांत, तो यायचा थांबला. सरांनी मला विचारलं, आणि संध्याकाळी मी निघालो.

घर कुठे आहे ते मला माहीत होतं. कापडाच्या दुकानांमागच्या एका गल्लीच्या अगदी शेवटी. गल्लीच्या तोंडाशी गाठींवर एक माणूस बिडी ओढत बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "ते? ते सारे गावाले गेले वाटते." मी गल्लीत आत पाहिलं. वर आभाळात पेच लागला होता, आणि मोहल्ल्यातली पोरं माझी मांज्याची चक्री धरून वाट पाहत होती. मी तिथूनच वळलो.

दुसऱ्या दिवशी उभा राहून म्हणालो, "सर, दौलत गावाला गेला आहे."

"पाहून आला?"

"हो, सर."

आमच्या शाळेचा नियम असा होता, की अर्ज न देता मूल बरेच दिवस आलं नाही तर महिनाअखेर त्याचं नाव पटावरून कमी होई. आजारी असलं आणि वर्गशिक्षकाने तसं लिहून दिलं, तर नाव राही. गावाला गेलेल्याचं राहत नसे. पुढच्या दिवसांत सरांनी मला दोनदा विचारलं, "आला का गा तो?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "नाही सर, गावालाच आहे." आता खरं पाहायला जायची मला भीती वाटू लागली होती. महिना संपला आणि नाव कमी झालं.

त्यानंतर एका सकाळी दौलत वर्गात आला. डोक्यावरचे केस गेलेले, मान काडीसारखी. नेहमीसारखा माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझ्याकडे बघून हसला. हजेरी सुरू झाली. त्याच्या आधीचं नाव झालं, मग त्याच्या पुढचं. तो अर्धवट उठला आणि म्हणाला, "सर, माहं नाव राह्यलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "कुठी होता गा तू?"

"घरीच होतो सर. मुदतीचा ताप होता."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागवलेही नाहीत. पण ते पाहणं मी इतक्या वर्षांत कोणाला सांगू शकलेलो नाही.

त्या दिवशी मी कार्यालयाच्या दाराशी उभा होतो. आत सर म्हणत होते, "चूक माझी आहे. मी स्वतः पाहिलं नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, पट वरच्या कचेरीत गेला, आता जूनमध्ये नव्याने प्रवेश घेऊ दे. दौलत दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिला आणि मग दप्तर उचलून गेला. सर त्याच्या घरी जात राहिले. वडील दर वेळी म्हणत, "जूनमधी पाहू, गुरुजी." जूनमध्ये दौलत कापडाच्या दुकानात कामाला होता. शाळेत तो पुन्हा आला नाही.

सरांनी आम्हाला तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. नाव पुकारत, उत्तर आलं नाही तर थोडं थांबत आणि पुढे जात. शाळा सुटली की स्वतः सायकल काढत. एप्रिलच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून ते बाहेर पडताना दिसले, की मी पाण्याच्या टाकीमागे लपत असे. पुढच्या वर्षी आलेल्या मुलांना कुठीगेला सर म्हणजे काय, ते कळेनासं झालं. ते नावही गेलं.

मी शिकलो, नोकरीला लागलो, धरमपेठेत बिऱ्हाड केलं. सर निवृत्त होऊन तिथेच मुलीकडे राहतात, हे कळूनही बरीच वर्षं गेलो नाही. गेलो तेव्हा ते पलंगावर बसून होते. मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना आता कोणी ओळखू येत नाही." मी पाया पडलो. सरांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठी गेला गा तुहा जोडीदार?"

"सगळ्यांनाच विचारतात," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गांधीबागेत गेलो. दौलत अजून त्याच गल्लीतल्या घरात राहत होता; दुकानात गजाने कापड मोजत होता. मला त्याने लगेच ओळखलं. "थांब, मोजून राहिलो," म्हणाला. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. तो कापडाची घडी घालत ऐकत होता.

"माहीत होतं मले," तो म्हणाला. "माह्या बाजूले तूच बसे ना. सर म्हनत, चूक त्यायची. मी कधी मानली नाही."

"राग आहे?"

"राग सरला कधीचा. पन एक सांगतो. तापात मले वाटे, तू येशीन. आपल्या वर्गाचा नियमच होता ना. खाट दारातच टाकून घेतली होती मी, तुले दिसाव म्हनून." मग घडी बाजूला ठेवून म्हणाला, "माह्या पोराले मी रोज शाळेच्या फाटकापरेंत सोडून देतो. आत गेला का नाही, ते पाहतो, मंग दुकान."

मी परत सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, दौलत आहे. गांधीबागेत आहे."

"पाहून आला?"

"पाहून आलो सर."

त्यांनी मान हलवली. चेहरा सैल झाला. मग त्यांची नजर पुन्हा खुर्चीकडे गेली आणि ते म्हणाले, "कुठी गेला गा तुहा जोडीदार?" त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा त्यांनी हेच विचारलं, आणि मी हेच उत्तर दिलं. माझ्या उत्तराने त्यांना एका क्षणापुरतं बरं वाटे. त्याहून जास्त मला काही देता आलं नाही.

उन्हाळ्यात सर गेले. सकाळीच मी दौलतच्या दुकानावर निरोप ठेवला होता. घाटावर जुने विद्यार्थी पुष्कळ जमले होते. किती होते ते मला आठवत नाही. दौलत आला नव्हता. मी विचारलं, तर वर्गातला एकजण म्हणाला, "गावाले गेला असन."

घाटावरून तसाच ओल्या कपड्यांनी गांधीबागेत गेलो. गल्लीच्या शेवटपर्यंत गेलो.