दह्याचा चमचा

स्क्रीन एकदम लाल झाली अन् माझ्या हातातला दही-साखरेचा चमचा ननदेच्या तोंडासमोर तसाच राहिला. लॅपटॉपमध्ये एक बाई दिसली अन् इंग्रजीत जोरात बोलाले लागली. ननद पांढरीफटक पडली.

तिची एम.ए.च्या ॲडमिशनसाठी इंग्रजीची परीक्षा होती, घरूनच, कॅमेऱ्यासमोर, अन् कोणी नक्कल करू नये म्हणून थे बाई तिकडून नजर ठेवून होती. बी.ए. तिनं मराठीत केलं, पण नागपूरबाहेरच्या मोठ्या युनिव्हर्सिटीले इंग्रजीचे मार्क पायजे. नाही जमलं तर लग्न, असं सासऱ्यायनं सांगूनच ठेवलं होतं.

खोलीत येऊ नको, हे तिनं मले दहादा सांगितलं होतं. पण आमच्या काटोलले दही खाल्ल्याशिवाय कोणी पेपरले जात नाही, अन् हे पोरगी तशीच बसली. मले राहवलं नाही. मी नववी शिकलेली, मले वाटलं कॅमेऱ्याले फक्त तिचं तोंड दिसते. लेकरू कडेवर घेऊन हळूच गेली, अन् आता घाबरून पलंगामागं लपली.

"काहून आली वं वहिनी?" ननद ओठातल्या ओठात बोलली. "पूर्ण खोली दाखव म्हणते थे बाई."

ती लॅपटॉप हळूहळू फिरवून राहिली होती. दार झालं, कपाट झालं. लेकरू रडाच्या बेतात, मी त्याच्या तोंडात दह्याचं बोट घातलं. लपलेली सापडली तर चोरच म्हणतीन, अन् उठली तर नकलेची कबुलीच झाली.

मी उठली. वाटी कॅमेऱ्याले दाखवली. बाईनं काहीतरी लिहून घेतलं अन् स्क्रीन काळी झाली.

पेपर तिथंच बंद पडला; तो धरतीन का रद्द करतीन, थे अजून कळवलं नाही. ननद माझ्यासंग बोलत नाही. तुम्ही असते तर उठले असते का?