कार्डाने काढलेली रेघ

महागड्या मशीनकडून कच्चं, डागाळलेलं काम करून घेण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या दुबईत एकच असेल, आणि तो नेमका आमच्या ऑफिसात होता. करामा भागातलं हे ऑफिस बांधायच्या इमारतींची चित्रं काँप्युटरवर करून देतं. मी तिथे चहा करतो, फायली पोचवतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला ही नोकरी त्याच माणसाने, म्हणजे आमच्या चित्रं करणाऱ्या दादांनी, लावून दिली, त्यामुळे दादांवर काही आलं की माझीही नोकरी गेली असंच मी धरून चालायचो. आणि दादांवर रोज काहीतरी यायचं. बाकीचे लोक काच चमकेल, पाणी खरं वाटेल अशी चित्रं करत. दादांनी बॉसकडे हट्ट धरून काँप्युटरच्या आत बसून चित्रं रंगवणारं सगळ्यांत तगडं ग्राफिक्स कार्ड मिळवलं आणि त्याच्याकडून काय करून घेतलं, तर पेन्सिलीची खरखर, जलरंगाचे ओघळ, शाई फुटलेली रेघ. डबा उघडला तरी वरणाकडे बघत बसायचे. "कडेला रंग कसा दाट झालाय बघ. कार्डाला हे अजून जमत नाही." मी म्हणायचो, "दादा, जेवा आधी, गार होतंय."

एकदा एक म्हातारे अरबी शेठ आपल्या नव्या व्हिलाचं चित्र बघायला आले. बॉसने चकचकीत चित्र सांगितलं होतं. दादांनी पडद्यावर पेन्सिलीचं लावलं. रेघा थरथरत्या, कोपऱ्यात एकमेकींच्या पुढे गेलेल्या. बॉसचा चेहरा पांढराफटक. शेठ मात्र खुर्ची पुढे ओढून बघतच राहिले. "बहुत अच्छा हाथ है. किसका है?"

"इनका, सर," बॉस घाईघाईने म्हणाले. झालं, सुटलो. आता दादांनी नुसतं हसायचं होतं.

"नहीं सर, कार्ड का है," दादा म्हणाले आणि त्यांनी माउसने व्हिला गरकन फिरवला. सगळ्या रेघा जागच्या जागी पुसल्या, नव्याने उमटल्या. भिंतीवरच्या फोटोने पापणी लववावी तसे शेठ दचकले. मग हातातला चहाचा कप खाली ठेवून "खलास", म्हणजे संपलं, एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

मी तो कप उचलता उचलता म्हटलं, "गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं, दादा?"

"अरे, ती रेघ शिकवण्यात माझे केस पिकले. तिचं कौतुक मी कसं घेऊ?"

शेठचं काम गेलं आणि दादांना काढलं. माझा व्हिसाही संपत आला होता. मी बॅग भरूनच ठेवली. पण बॉसने माझा व्हिसा वाढवला. अकाउंटंट म्हणाला, "तुझे दादा शेवटच्या दिवशी बॉससमोर बसून राहिले होते. स्वतःबद्दल एक शब्द नाही. ह्याला ठेवा, एवढंच."

दादा तोवर पुण्याला त्यांच्या आईकडे परतले होते, मी लगेच तिथे फोन लावला. "दादा, माझ्यासाठी कशाला बोललात?"

"ते सोड. इथे आईच्या खिडकीत आत्ता ऊन आलंय, सावलीची कड काय पसरलीय... ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, दादा."

बाहेरून बॉसने चहासाठी हाक मारली. मी पॅन्ट्रीचं दार हळूच लोटून घेतलं आणि त्यांना बोलू दिलं.