इमामबी कधी वेडी झाली

जहांगीरची फुफी, म्हणजे आत्या, इमामबी बारा वर्षं घराच्या मागच्या खोलीत बांधलेली होती. धामणगाव बढ्यात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. जहांगीरचे अब्बा गुलाम रसूल हे पिंजारी. त्यांच्या कापसाची गाठोडी त्याच खोलीत रचलेली असत आणि त्यांच्यामध्ये, खांबाला बांधलेल्या दोराच्या लांबीएवढ्या जागेत, इमामबी राहत असे. सकाळ-संध्याकाळ तिची भाकरी नेऊन ठेवायचं काम जहांगीरकडे, तो दहा वर्षांचा असल्यापासून.

तो शिकायला नागपूरला गेला तेव्हा त्यानं वकील व्हावं अशी गुलाम रसूलची इच्छा होती. बी. ए.ला त्यानं तत्त्वज्ञान हा विषय घेतला, कारण त्यात दोन पेपर मानसशास्त्राचे होते. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पण पहिल्या वर्षीच प्रोफेसर वामनरावांना त्यानं भर वर्गात विचारलं, "सर, वेड लागलेलं माणूस बरं कसं करायचं, ते कोणत्या वर्षी शिकवतात?"

वर्ग हसला. वामनराव हसले नाहीत.

"इथे मन म्हणजे काय ते शिकवतात," ते म्हणाले. "वेडे बरे करायचे असतील तर मेडिकलला जा. नाहीतर गावाकडे मांत्रिक असतीलच तुमच्या."

पुढं ग्रंथालयात त्याला एक अमेरिकन पुस्तक सापडलं. तिकडे मनाच्या रोग्यांना तपासण्याचं वेगळं शिक्षण असतं, त्याला क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतात, असं त्यात लिहिलं होतं. त्यानं ते वामनरावांना दाखवलं. त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं आणि आपल्या विद्यापीठात असली पदवी नाही, पुढची पन्नास वर्षं निघणारही नाही, असं सांगितलं.

तिसऱ्या वर्षी वर्गाला वेड्यांचं इस्पितळ पाहायला नेलं. मुलं जाळीपलीकडच्या माणसांना पाहून खिदळत होती. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना त्याचा राग आला. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पण एका बाईपुढं वही घेऊन मागं रेंगाळलेल्या जहांगीरला ते म्हणाले, "काय लिहितोस? हिचे हातवारे? ते नको लिहू. ही केव्हापासून अशी आहे, त्याच्या आधी काय घडलं, आणि ते तुला कोण सांगतंय, एवढं लिही."

शेवटच्या, म्हणजे चौथ्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात वामनरावांनी प्रत्येकाला एका व्यक्तीच्या निरीक्षणावर निबंध लिहायला सांगितला. बाकीच्यांनी आपापले धाकटे भाऊ निवडले. जहांगीर घरी आला आणि जेवताना त्यानं अब्बांना विचारलं, "फुफी कधीपासून अशी हाये?"

"तिले ताप आल्ता. डोक्यात गेला."

"कोणत्या साली?"

गुलाम रसूलनं हातातला घास खाली ठेवला. "माह्या बहिणीले तू तपासून राह्यला का? तिकडं हेच शिकवतात?"

शेजारच्या रुखमाबाईला विचारलं तर ती म्हणाली, ताप-बिप काही नव्हता, पडक्या विहिरीपाशी तिला काहीतरी दिसलं. अम्मा, म्हणजे नूरजहां, म्हणाली, "सुट्टीत आला, तं चूप बस."

तो चूप बसला, पण मागच्या खोलीत जाऊन. रोज दुपारी दाराशी वही घेऊन बसायचा. इमामबीनं पहिल्या दिवशी त्याच्यावर पाण्याचं मडकं फेकलं. दुसऱ्या दिवशी थुंकली. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं, ते आठवडाभर. नवव्या दिवशी तोंड न वळवता तिनं विचारलं, "काय लिहून राह्यला बे?"

"तू केव्हा बिमार पडली ते."

"मंग लिही," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता, पण बोलणं सरळ होतं.

तिचा नवरा संग्रामपूरला वारला. नवऱ्यामागं पाळायचे इद्दतीचे दिवस संपल्यावर तिला तिथल्याच वहाब नावाच्या बांगड्या विकणाऱ्याशी निकाह करायचा होता. वहाबही तयार होता. पण भावानं तिला इकडे आणलं आणि नात्यातल्या एका साठीच्या माणसाला तिच्या निकाहाची जबान देऊन टाकली. ती दोनदा पळाली. दोन्ही वेळा मोताळ्याच्या रस्त्यावरून तिला परत आणलं. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा भावानं बांधलं, डोकं ठिकाणावर येईपर्यंत म्हणून. वहाब विचारायला आला, तर ती वेडी झाली असं सांगून त्याला मारून हाकललं.

"मी याडी नव्हती," इमामबी म्हणाली. "पयले नव्हती. मंग झाली."

जहांगीरनं वही मिटली. तेव्हा ती वळली.

"तूच तं भाकर आणत होता रोज. इतक्या वर्षांत एकदा तरी पुसलं का, काऊन बांधली मनून?"

जहांगीर उठला. तो तसाच अम्माकडे गेला. नूरजहां चुलीपुढं बसली होती. तिनं मान खाली घालून एवढंच सांगितलं, "ताप नव्हता."

गुलाम रसूल अंगणात रुई पिंजत होते. जहांगीरनं त्यांना सगळं तोंडावर सांगितलं. त्यांनी पिंजायची कमान बाजूला ठेवून त्याच्या थोबाडीत मारली.

"तिले सोडलं असतं तं बिरादरीत आपलं तोंड राह्यलं असतं का? तुह्या बहिणींचे निकाह झाले असते का?"

"म्हणून तिले याडी केली?"

"हाव, केली. मीच बांधली. तू सोडशीन तं पुन्हा या घरात पाय ठेवू नको."

जहांगीरनं अंगणातला विळा उचलला आणि मागं जाऊन दोर कापला. इमामबी उठली आणि पहिली चापट तिनंही त्यालाच मारली. मग भिंत धरून चालू लागली. पाय पडत नव्हता, घोट्याची कातडी गुरांच्या मानेसारखी काळी पडली होती. गाडीवाला कडूबा म्हणाला, "याडीले माह्या गाडीत नाही बसू देत." त्यामुळं दोघं भर उन्हात पायी निघाले. गाव ओट्यांवर येऊन पाहत होतं. पाणी कोणी विचारलं नाही.

कुठं जायचं ते तिनंच ठरवलं, संग्रामपूर; मोताळ्याहून त्यांनी मोटार धरली. वहाबचं घर तिला बरोबर सापडलं. त्याचं लग्न होऊन चार मुलं झाली होती. तो दारातच उभा राहिला.

"आता कायले आली?" तो म्हणाला. "तुह्या भावानं माहा हात मोडला. तो अजून सरळ होत नाही."

इमामबीनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि ती मागं फिरली.

जहांगीरनं तिच्यासाठी तिथंच एक खोली घेतली, आपण परत येईपर्यंत एका म्हातारीला सोबत ठेवलं आणि नागपूरला जाऊन निबंध दिला. वामनरावांनी तो शेरा मारून परत केला: ही घरातली भांडणं आहेत, मानसशास्त्र नव्हे. त्याला तिसरा वर्ग मिळाला. त्या पदवीवर मनाच्या रोग्यांचं काम देणारी नोकरी साऱ्या वऱ्हाडात नव्हती. तो संग्रामपूरच्या उर्दू शाळेत मास्तर झाला.

इमामबी बरी झाली असं म्हणता येणार नाही. ती भांडी फोडायची, दार लावलं की किंचाळायची, जहांगीरला त्याच्या बापाच्या नावानं शिव्या द्यायची. पण हळूहळू ती रजया शिवू लागली, आणि चांगल्या शिवू लागली. बायका घरी येऊन कापड-कापूस ठेवून जात. जहांगीरशी मात्र ती नीट बोलली नाही. गुलाम रसूल वारले तेव्हा मातीला जायला तिनं त्याला अडवलंही नाही आणि स्वतः रजईचा टाकाही थांबवला नाही.

सुट्टीच्या दिवशी जहांगीर गावोगाव जाऊ लागला. कुठं कोणाला कोंडलंय असं कळलं की दारात जाऊन विचारायचा, "ह्याच्या आधी काय झालं?" बहुतेक घरांतून त्याला हाकलून देत. एका गावात भगवानराव नावाच्या मालगुजारी थाटाच्या जमीनदारानं आपला थोरला मुलगा धान्याच्या कोठीत ठेवला होता. जहांगीर तिथं तीनदा गेला. तिसऱ्या वेळी भगवानरावांनी गड्यांकडून त्याला वेशीबाहेर काढलं आणि वर तक्रार केली की हा मास्तर घराघरांत भांडणं लावतो. महिनाभरात त्याची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मेहकरकडं झाली.

त्यानं सामान बांधलं. इमामबी रजईत सुई घालत बसली होती.

"चल," तो म्हणाला.

"मी नाही येत."

"इथं एकटी कशी राहशीन? लोक काय..."

"मले कोठं न्याचं, कोठं ठेवाचं, हे तुमीच ठरवता," ती म्हणाली. "पयले तुह्या बापानं, आता तू. जाय तू."

जहांगीरला राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला. तीही ओरडली. शेजारपाजारचे जमा झाले. शेवटी तो एकटाच मोटारीत बसला. पुढं दर ईदला तो संग्रामपूरला येत असे. ती दार उघडत असे, कधी बस म्हणत असे, कधी म्हणत नसे.