अर्धी गोळी

रक्तवाहिन्यांत चरबी साचू नये म्हणून एका गोळीवर संशोधन चाललंय. त्यासाठी मी डोळखांबच्या पाड्यांवर फिरून, त्यात भाग घेतलेल्यांकडे उरलेल्या गोळ्या मोजते.

त्यांच्यातल्या सखूबाईंची पाकिटं दर महिन्याला रिकामी, तरी रक्ताचा रिपोर्ट सुधारत नव्हता. आज विचारलं.

"मी अर्धीच खाते गो. अर्धी म्हाताऱ्याला देते."

त्यांच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, आणि ही चाचणी झटका न आलेल्यांवरच आहे. म्हणूनच आम्ही त्याला संशोधनात घेतलं नव्हतं.

"आजारी तो, नि गोळी मला. असं कसं गो?"

मी नियम समजावले. त्याला शहापूरला डॉक्टरकडे न्या म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि स्वतःची नाचणीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

घरी येऊन बसलेय, पाय दुखताहेत. फॉर्म विचारतोय, गोळी घेतली का, हो की नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?