वरची गुंडी

माझ्या आवडत्या अमेरिकन कादंबरीकाराला मी कधी भेटलो नाही. त्याचं चरित्र मला पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून कळलं. पहिल्या पुस्तकावर तो मक्याच्या गावात जन्मलेला साधा शिक्षक होता. पुढे दर पुस्तकागणिक बक्षिसं वाढली आणि मक्याचं गाव बारीक टायपात गेलं. आपल्याकडेही सत्काराच्या परिचयात माणसाचं असंच होतं. त्यांच्याकडे नारळ नसतो, एवढाच फरक. शेवटची ओळ मात्र कायम असे: 'पत्नीसह राहतो.'

बायकोचं डायलिसिस सुरू झाल्यावर शेलूबाजारहून वाशीमला एसटीनं जाताना मी तिला त्याच्या कादंबऱ्या सांगू लागलो. तिला इंग्रजी येत नाही; मी ते कॉलेजात शिकवलं, म्हणजे मला येत असावं. तिचे प्रश्न वेगळेच. "एवढ्या बर्फात ढोरं कुठी बांधतेत?" समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला नायकाचा आत्मशोध तिनं एका वाक्यात निकालात काढला: "हाताले काम नसलं का असं होते." लेखकाच्या बायकोची चौकशी मात्र दर खेपेला असे. दोघी जणू एकाच वॉर्डात होत्या.

यंदा त्याचं नवं पुस्तक आलं. अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, पत्नीच्या स्मृतीस. मलपृष्ठावरची शेवटची ओळ गेली होती. बसमध्ये मी अर्पणपत्रिका गाळून थेट पहिल्या प्रकरणाला हात घातला.

"त्याची घरवाली बरी हाये ना?"

"बरी आहे."

"त्याचा फोटो दाखवा."

चष्मा लावून तिनं फोटो बराच वेळ पाहिला. "गेली ते," ती म्हणाली.

"कशावरून?"

"शर्टाची वरची गुंडी नाई. ते असती तं असा फोटो काढू देल्ला असता काय तिनं?" मग चष्मा काढत म्हणाली, "जलमभर मास्तरकी केली, पन खोटं बोलनं काई जमलं नाई तुमाले."

वाशीमपर्यंत ती खिडकीबाहेर तुरीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझा इस्त्रीचा शर्ट मागितला. सुयांनी सुजलेला हात मांडीवर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं कात्री धरली आणि वरची गुंडी कापून टाकली.

"अगं, चांगली होती ती."

तिनं सुई-दोरा माझ्यापुढे सरकवला.

"लावा."